खाऱ्या पाण्याच्या टाकीतील शेवाळ : फॉस्फेटचा जमाखर्च

एका शाळेच्या प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची शंभर लिटरची काचेची टाकी होती. टाकीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन विदूषक मासे, खडकाच्या कपारीत राहणारा एक लहानसा करडा मासा आणि पाच-सहा समुद्री गोगलगायी होत्या. पहिले दोन महिने पाणी असे नितळ होते की टाकीत पाणी आहे की नाही अशी शंका यावी. तिसऱ्या महिन्यात काचेवर हिरवी साय धरू लागली. पाठोपाठ खडकांवर केसांसारखे हिरवे पुंजके उगवले. मुलांनी काच घासली, खडक ब्रशने खरवडले. आठवड्याभरात सारे पूर्ववत! शेवटी कोणीतरी बाजारातून शेवाळ मारण्याचे औषध आणले आणि बाटलीवर सांगितले होते तेवढे टाकीत ओतले.

दोन दिवसांत शेवाळ पांढरे पडले. सर्वांना आनंद झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळा उघडली तेव्हा मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत होते, आणि एक विदूषक मासा तळाशी मरून पडला होता. पाणी बदलून उरलेले मासे वाचवले. पण तीन आठवड्यांत शेवाळ परत आले, आणि ते पहिल्यापेक्षा दाट होते.

विद्यार्थी मित्रांनो, औषध खोटे नव्हते. शेवाळ खरोखरच मेले होते. मग मासा का मेला? आणि मेलेले शेवाळ परत कोठून आले? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि थोडे अंकगणित या तिन्हींची मदत घ्यावी लागेल.

शेवाळ कशावर जगते?

शेवाळाला मुळे नाहीत, फुले नाहीत. पण हरितद्रव्य आहे. प्रकाशाच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून ते आपले अन्न तयार करते. मात्र शरीर बांधायला कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढ्यावर भागत नाही. प्रथिनांसाठी नायट्रोजन लागतो. पेशीतील ऊर्जेची देवघेव करणाऱ्या रेणूंसाठी, पेशींच्या पापुद्र्यांसाठी आणि आनुवंशिक द्रव्यासाठी फॉस्फरस लागतो. शेतकरी नत्र आणि स्फुरद म्हणतात ते हेच दोघे. पाण्यात फॉस्फरस मुख्यतः फॉस्फेटच्या रूपाने विरघळलेला असतो.

हे घटक कोणत्या प्रमाणात लागतात? अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ साली दाखवून दिले की समुद्रातील सूक्ष्म प्लवकांच्या शरीरात नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे जे प्रमाण असते, जवळजवळ तेच समुद्राच्या पाण्यातही आढळते. आज हे प्रमाण कार्बनचे १०६ अणू, नायट्रोजनचे १६ आणि फॉस्फरसचा १ असे मानले जाते. खडकांवर वाढणाऱ्या मोठ्या शेवाळांत फॉस्फरसचा वाटा याहूनही कमी असतो. तेथे एका फॉस्फरसमागे कार्बनचे साडेपाचशेच्या आसपास अणू सापडतात.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. चिमूटभर फॉस्फरसवर शेवाळाचा मोठा भारा उभा राहू शकतो. भाजीला मीठ थोडेच लागते, पण ते नसेल तर भाजी होत नाही. तसेच हे आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात पिकांच्या बाबतीत एक नियम लोकप्रिय केला होता : पीक किती येणार हे सर्वांत मुबलक घटकावर नव्हे, तर गरजेच्या मानाने सर्वांत कमी पडणाऱ्या घटकावर ठरते.

या नियमाचा एक भव्य प्रयोग १९७३ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झाला. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाचे एक तळे निवडले. मध्ये निमुळत्या असलेल्या या तळ्यात त्यांनी प्लॅस्टिकचा पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले. दुसऱ्या भागात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस असे तिन्ही घातले. फॉस्फरस मिळालेला भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात पडद्याच्या दोन बाजूंचा हा फरक स्पष्ट दिसतो. हा प्रयोग गोड्या पाण्यातील होता. समुद्रात पुष्कळ ठिकाणी नायट्रोजन आधी कमी पडतो. पण आपल्या टाकीची गोष्ट निराळी आहे. तिथे माशांच्या मलमूत्रातून नायट्रोजनचा पुरवठा सतत चालू असतो, आणि त्याला बाहेर पडायला एक वाट आहे. फॉस्फरसला ती नाही. हाच सर्व प्रकरणाचा गाभा आहे.

एकाला वाट आहे, दुसऱ्याला नाही

मासे अमोनिया बाहेर टाकतात. खडकांवर आणि वाळूत राहणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खडकांच्या आतल्या छिद्रांत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. हा वायू पाण्यातून निघून हवेत मिसळतो. म्हणजे निदान काही नायट्रोजन तरी आपण हात न लावता टाकीबाहेर जातो.

फॉस्फरसचे असे होत नाही. टाकीतल्या परिस्थितीत त्याचा वायू होऊन तो उडून जात नाही. पाण्याची वाफ होते तेव्हा तो मागेच राहतो. तो पाण्यातून शेवाळात जाईल, शेवाळातून गोगलगायीत, गोगलगायीतून विष्ठेत, विष्ठेतून जीवाणूंत आणि पुन्हा पाण्यात. पण टाकीच्या चार काचांच्या आतच फिरत राहील. त्याला बाहेर काढायचे तर ते काम टाकीच्या मालकालाच करावे लागते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमचे तुम्हीच देऊ शकाल. औषधाने शेवाळ मेले, कुजले, आणि त्याच्या अंगातील सारा फॉस्फरस पाण्यात परत आला. नव्या शेवाळासाठी ते आयते खत झाले! पहिल्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. मेलेले शेवाळ कुजवणाऱ्या जीवाणूंना ऑक्सिजन लागतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. समुद्राच्या पाण्यात जेमतेम पावणेसात. रात्री प्रकाश नसल्याने ऑक्सिजनची नवी भर पडत नाही. अशा वेळी जीवाणूंनी तो झपाट्याने वापरला की माशांची घुसमट होते. मासा औषधापेक्षा या कुजण्यानेच मेला असावा. म्हणूनच तो रात्री मेला आणि उरलेले मासे सकाळी पृष्ठभागाशी आले होते.

समुद्र हे कसे निभावतो?

प्रवाळ असलेल्या उथळ, स्वच्छ समुद्रात फॉस्फेटचे प्रमाण अतिशय कमी असते. एका लिटरमध्ये मिलिग्रॅमचा शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी. खोल समुद्रात मात्र ते लिटरला ०.२ ते ०.३ मिलिग्रॅमपर्यंत जाते. कारण वरच्या थरातील प्लवक मरून खाली बुडतात आणि आपल्याबरोबर फॉस्फरसही नेतात. समुद्राचा पृष्ठभाग फॉस्फरसमुक्त राहतो तो त्याला हजारो मीटर खोल तळघर आहे म्हणून.

या तळघरातला माल कधी कधी वर येतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, विशेषतः केरळ व कर्नाटकाच्या बाजूला, खालचे थंड पाणी वर येते. त्याबरोबर नायट्रेट आणि फॉस्फेट येतात, प्लवक फोफावतात, आणि त्यांच्यावर पोसणाऱ्या तारल्या व बांगडे यांची चंगळ होते. म्हणजे फॉस्फेट हे विष नव्हे. आपल्या ताटातल्या बांगड्याच्या अंगीही तोच फॉस्फरस असतो. चाळीस-पन्नास सेंटिमीटर खोल टाकीला मात्र तळघर नसते. जे आत आले ते समोरच दिसत राहते.

जमेची बाजू

दुकानदाराच्या वहीप्रमाणे आता आपण जमा आणि खर्च मांडू. जमेची सर्वांत मोठी रक्कम म्हणजे माशांचे खाद्य. माशांच्या सुक्या खाद्यात वजनाच्या सुमारे एक टक्का फॉस्फरस असतो असे धरू. एक ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम फॉस्फरस झाला. फॉस्फरसचा अणुभार ३१ आणि फॉस्फेटचा रेणुभार ९५. तेव्हा १० मिलिग्रॅम फॉस्फरसपासून सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट तयार होऊ शकते. ते शंभर लिटर पाण्यात मिसळले, तर दर लिटरला ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅम खाद्यातून खोल समुद्राइतके फॉस्फेट आपल्या टाकीत येऊ शकते! यातले काही माशाच्या हाडामांसात जाते हे खरे. पण पूर्ण वाढ झालेला मासा जेवढा फॉस्फरस खातो जवळजवळ तेवढाच बाहेर टाकतो. न खाल्लेले खाद्य तर सरळ कुजतेच.

जमेची दुसरी रक्कम म्हणजे पाणी. मत्स्यालयासाठी खास क्षारमिश्रण विकत मिळते. ते लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवून समुद्राचे पाणी तयार करतात. (स्वयंपाकाचे मीठ यासाठी चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असे इतरही पुष्कळ काही असते.) पण ज्या पाण्यात आपण हे मिश्रण टाकतो ते नळाचे किंवा विहिरीचे पाणीच फॉस्फेटयुक्त असेल तर? टाकीतले पाणी रोज थोडे उडून जाते आणि त्याजागी आपण गोडे पाणी घालतो. त्यात जे काही विरघळलेले असेल ते दिवसेंदिवस साठत जाते. म्हणून आर. ओ. यंत्राचे शुद्ध पाणी वापरणे चांगले. शहराजवळच्या खाडीचे पाणी भरून आणायचा मोह होईल, पण त्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि सांडपाण्यात फॉस्फेट भरपूर असते.

तिसरी रक्कम फसवी आहे. टाकीतील चुनखडीचे खडक आणि शिंपल्यांची वाळू हे कॅल्शियम कार्बोनेट होय. पाण्यात फॉस्फेट वाढले की ते या खडकांच्या पृष्ठभागावर चिकटून बसते; पाण्यातले कमी झाले की हळूहळू सुटून परत येते. हे उधारीचे खाते समजा. म्हणूनच जुन्या टाकीत उपाय सुरू केल्यावर पहिले काही आठवडे फरकच पडत नाही, आणि लोक कंटाळून उपाय सोडून देतात. खडक आपली उधारी फेडत असतात, एवढाच त्याचा अर्थ.

परीक्षानळीतले शून्य

फॉस्फेट डोळ्यांना दिसत नाही. मग मोजायचे कसे? आम्ल पाण्यात फॉस्फेटची अमोनियम मॉलिब्डेटशी क्रिया होते, आणि त्यात ॲस्कॉर्बिक आम्ल म्हणजे आपले क जीवनसत्त्व घातले की निळा रंग येतो. फॉस्फेट जितके जास्त, तितका निळा गडद. मर्फी आणि रायली यांनी १९६२ साली ही रीत सुटसुटीत केली. समुद्रशास्त्रज्ञ तीच वापरतात, आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या तपासणी संचांतही बहुधा तीच असते. नळीतला रंग छापील पट्टीशी ताडून पाहायचा.

आता एक गंमत पाहा. टाकी शेवाळाने भरलेली असते, आणि नळीत मात्र निळा रंग जवळजवळ येतच नाही! लोक म्हणतात, संच बिघडलेला दिसतो. संच बिघडलेला नसतो. ही तपासणी पाण्यात मोकळे असलेले फॉस्फेट मोजते. शेवाळाच्या पोटात गेलेले मोजत नाही. दाट वाढलेले शेवाळ फॉस्फेट आले की लगेच शोषून घेते, म्हणून पाण्यात काही उरत नाही. घरात किती धान्य आले हे रिकाम्या डब्यावरून कळत नाही. जेवणारी माणसे किती हेही पाहावे लागते. म्हणून तपासणीचा आकडा आणि शेवाळाची वाढ या दोन्ही नोंदी वहीत शेजारी शेजारी ठेवाव्यात.

खर्चाची बाजू

फॉस्फरस टाकीबाहेर नेण्याचे मार्ग मोजकेच आहेत. एकेक पाहू.

पहिला मार्ग पाणी बदलण्याचा. समजा, दर आठवड्याला पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेटची भर पडते आणि आपण दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलतो. पहिल्या आठवड्याअखेर ०.१०, पाणी बदलल्यावर ०.०९. दुसऱ्या आठवड्याअखेर ०.१९, बदलल्यावर ०.१७. तिसऱ्या आठवड्याअखेर ०.२७, बदलल्यावर ०.२४. आकडा वाढतच चालला आहे. कोठवर वाढेल? ज्या पातळीला दहा टक्के पाण्याबरोबर जाणारे फॉस्फेट आठवड्याच्या भरीइतके होईल तोवर, म्हणजे १.० मिलिग्रॅमपर्यंत. ही पातळी फार म्हणजे फारच जास्त आहे.

सूत्र सोपे आहे : शेवटची पातळी = आठवड्याची भर ÷ बदललेल्या पाण्याचा अंश. पाणी २० टक्के बदलले तर पातळी ०.५ वर थांबेल. पण खाद्य निम्मे केले तरीही ती ०.५ वरच थांबेल! एका बाजूला दर आठवड्याला आणखी दहा लिटर खारे पाणी तयार करण्याचे कष्ट आणि खर्च, दुसऱ्या बाजूला फक्त हात आखडणे. कोणता उपाय आधी करावा हे सांगायला नको.

दुसरा मार्ग फेसाचा. समुद्रकिनारी लाटा आदळतात तिथे पांढरा फेस साचलेला तुम्ही पाहिला असेल. प्रथिने व तत्सम सेंद्रिय पदार्थ बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात, त्यामुळे तो फेस टिकतो. स्किमर नावाच्या उपकरणात उभ्या नळीतून बारीक बुडबुडे सोडून असाच फेस मुद्दाम तयार करतात व तो वरच्या पेल्यात गोळा करतात. पेल्यातले तपकिरी, घाण वासाचे पाणी फेकून दिले की त्यातला फॉस्फरस कुजून मोकळा होण्याआधीच बाहेर जातो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे लहान राहतात आणि एकमेकांत सहज मिसळत नाहीत, म्हणून हे उपकरण समुद्राच्या पाण्यात चांगले चालते, गोड्या पाण्यात नाही.

तिसरा मार्ग ऐकून तुम्हाला नवल वाटेल : शेवाळाला शेवाळानेच हरवायचे. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर ॲडी यांनी प्रवाळांच्या मोठ्या टाक्यांसाठी ही युक्ती वापरली. टाकीतले पाणी एका उथळ, प्रखर उजेडाच्या पन्हाळीतल्या जाळीवरून वाहू द्यायचे. तिथे शेवाळ जोमाने वाढते. दर आठवड्याला ते खरवडून काढायचे. घरच्या टाकीला जोडलेल्या लहान टाकीत जाडे शेवाळ वाढवूनही हेच साधते. ५० ग्रॅम ओले शेवाळ वाळवल्यावर साधारण ५ ग्रॅम भरते असे धरू. त्यात सुमारे ७ मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फेट असू शकते. शंभर लिटर टाकीतल्या पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम फॉस्फेट असेल तर सर्व पाण्यात मिळून फक्त ५ मिलिग्रॅम झाले. म्हणजे मूठभर शेवाळ बाहेर काढणे हे टाकीतले सगळे पाणी बदलण्यापेक्षा अधिक गुणकारी! मुख्य टाकीतले शेवाळदेखील मारू नका. बोटांनी उपटून किंवा नळीने ओढून बाहेर काढा. शेवाळाने फॉस्फरस गोळा करण्याचे अर्धे काम तुमच्यासाठी केलेलेच असते.

चौथा मार्ग लोखंडाचा. लोहाचे ऑक्साइड फॉस्फेटला घट्ट धरून ठेवते. कोकणातील शेतकऱ्याला हे चांगले ठाऊक आहे. जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे भरपूर असल्याने तिथे घातलेले स्फुरदाचे खत मातीतच अडकून पडते, पिकाला पुरते मिळत नाही. शेतकऱ्याची जी अडचण, ती मत्स्यालयवाल्याची सोय. लोह ऑक्साइडचे तपकिरी दाणे पिशवीत किंवा नळकांड्यात भरून त्यातून पाणी फिरवतात. दाणे भरून गेले की ते बदलतात. (म्हणून जांभ्याचा चिरा टाकीत टाकू नका बरे! त्यातून आणखी काय काय सुटेल याचा नेम नाही.) या दाण्यांचा उपयोग जमाखर्च जवळजवळ जुळल्यानंतर उरलेली थोडी बाकी फेडण्यासाठी करावा. खाद्याची लयलूट चालू ठेवून नुसते दाणे बदलत राहणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे.

जे खर्चात धरू नये

पुष्कळांना वाटते, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या की झाले. त्या काच स्वच्छ ठेवतात यात शंका नाही, आणि टाकीत त्या असाव्यातच. पण त्या शेवाळ खाऊन विष्ठा टाकीतच टाकतात. जमाखर्चात फरक शून्य. तीन दिवस दिवे बंद ठेवणे हाही असाच उपाय. शेवाळ अंधाराने मरते, पण फॉस्फरस जागच्या जागी. औषधाबद्दल तर आपण पाहिलेच. मात्र दिवे रोज किती वेळ चालू असतात यावर लक्ष ठेवावे. आठ-नऊ तास पुरेत; आणि खिडकीतून येणारे थेट ऊन टाकीवर पडू देऊ नये.

सगळेच शेवाळ वाईट असेही समजू नका. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी धूळ बसते. ती बहुधा डायाटमची असते आणि आपोआप ओसरते. खडकांवर जांभळा-गुलाबी कडक थर चढू लागला तर आनंद माना; ते चुना साठवणारे शेवाळ आहे आणि टाकी स्थिरावल्याची खूण आहे.

आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याचा हट्टही धरू नका. जीवाणू, गोगलगायी, प्रवाळांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवाले या सर्वांना थोडा फॉस्फरस लागतोच. प्रवाळांना जास्त फॉस्फेट बाधते, कारण ते त्यांच्या चुन्याच्या सांगाड्याच्या बांधणीत अडथळा आणते. पण मुळीच नसले तरीही ते आजारी पडतात. नुसत्या माशांच्या टाकीत लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत ठेवले तरी पुष्कळ झाले.

दोन गोष्टी टाळाच

उपटलेले शेवाळ किंवा टाकीतले पाणी समुद्रात, खाडीत वा ओढ्यात टाकू नका. १९८४ साली मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाच्या पायथ्याशी भूमध्य समुद्रात कौलर्पा टॅक्सिफोलिया या उष्ण प्रदेशातील शेवाळाचा सुमारे एक चौरस मीटरचा तुकडा दिसला. हे शेवाळ मत्स्यालयांत वाढवले जात होते. पुढे ते हजारो हेक्टर समुद्रतळावर पसरले आणि तेथील मूळच्या सागरी गवताला त्याने त्रास दिला. म्हणून काढलेले शेवाळ उन्हात वाळवून, मीठ धुऊन, बागेतल्या खतखड्ड्यात टाका.

दुसरी गोष्ट, समुद्रावरून जिवंत प्रवाळ किंवा समुद्रघोडे आणू नका, विकतही घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांचा समावेश झाला आहे. खडक चुनखडीचे किंवा कृत्रिम वापरावेत. विदूषक माशांची पैदास आता टाक्यांतही होते. मासे घ्यायचे तर असे पैदाशीचेच घ्यावेत.

त्या टाकीचे पुढे काय झाले?

त्या शाळेतल्या मुलांनी अखेर वही घातली. माशांना खाऊ कोण घालते याची चौकशी केली, तेव्हा कळले की मधल्या सुट्टीत जो येई तो एक चिमूट टाकून जाई. तराजूवर एक चिमूट ०.३ ग्रॅम भरली. दिवसाला सहा-सात चिमटी, म्हणजे जवळजवळ दोन ग्रॅम! उरलेल्या दोन माशांचे मिळून वजन दहा ग्रॅमही नव्हते. त्यांना दिवसाला पाव ग्रॅम पुरे होते. डबा कुलपात गेला, एका मुलावर खाऊची जबाबदारी आली. दर शनिवारी शेवाळ उपटून, निथळून, वजन करून नोंदवायचे ठरले. पहिले सहा आठवडे आकडा हलला नाही, कारण खडकांची उधारी फिटत होती. नंतर दर शनिवारचे वजन उतरू लागले. काच अजूनही आठवड्यातून एकदा पुसावी लागते; ते चालायचेच. एका माशाचा जीव जाऊन मिळालेला हा धडा मात्र कोणी विसरले नाही : टाकीत जे घालतो त्याचा हिशेब आपल्यालाच द्यावा लागतो.

करून पाहा

खाऱ्या पाण्याची टाकी नसली तरी हा प्रयोग करता येईल. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम युरिया विरघळवा. दुसऱ्या एक लिटर पाण्यात एक ग्रॅम सुपरफॉस्फेट घालून हलवा, एक दिवस ठेवा आणि वरचे स्वच्छ पाणी घ्या. आता एक लिटरच्या चार पारदर्शक बाटल्यांत एकाच तळ्याचे पाणी भरा. पहिलीत काही घालू नका. दुसरीत युरियाच्या द्रावणाचे १० मिलिलिटर, तिसरीत सुपरफॉस्फेटच्या द्रावणाचे १० मिलिलिटर, चौथीत दोन्हींचे प्रत्येकी १० मिलिलिटर घाला. बाटल्यांची तोंडे कापडाने बांधून उजेडाच्या खिडकीत, पण थेट उन्हात नव्हे अशा ठेवा. तीन आठवडे दर दोन दिवसांनी बाटलीमागे पांढरा कागद धरून रंग पाहा व नोंद करा. कोणती बाटली आधी हिरवी होते यावरून तुमच्या तळ्यात कोणता घटक कमी पडतो ते कळेल. प्रत्येक गावी उत्तर सारखे येईलच असे नाही. शिक्षकांनी दोन-तीन ठिकाणचे पाणी घेऊन तुलना करावी. प्रयोगानंतर पाणी झाडांना घाला, तळ्यात ओतू नका. आणि हात साबणाने धुवा.

विचार करा

१. आठवड्याला लिटरमागे ०.०६ मिलिग्रॅम फॉस्फेटची भर पडते आणि १५ टक्के पाणी बदलले जाते. पातळी शेवटी कोठे स्थिरावेल?

२. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी न घालता गोडेच का घालावे?

३. टाकीत खूप शेवाळ आहे, पण तपासणीत फॉस्फेट शून्य येते. मित्र म्हणतो, “म्हणजे फॉस्फेटचा संबंध नाही.” त्याला काय उत्तर द्याल?

४. नायट्रोजनप्रमाणे फॉस्फरसही वायुरूपाने सहज निघून गेला असता, तर समुद्रातील आणि शेतातील जीवनावर काय परिणाम झाला असता?